आधी माझं घ्या

आमचे दाजी गुळव्या. गुळव्या म्हणजे काहिलीचा राजा, असं ते स्वतःच सांगतात; दुसऱ्या कुणी सांगेल याची ते वाट बघत नाहीत. काहिल नावाच्या मोठ्या कढईत उसाचा रस उकळून उकळून घट्ट होत आला की काहिलीभोवतीचे सगळे गप्प होतात. दाजी उजवा हात गार पाण्याच्या बादलीत बुडवतात, तीच बोटं झटकन उकळत्या पाकात घालतात, परत पाण्यात आणतात आणि चिमटीत आलेली गोळी चोळून बघतात. गोळी नीट वळली तर "उतरवा", नाही तर "थांबा". त्या एका शब्दावर गुळाची ढेप बसणार की सगळा राडा होणार ते ठरतं.

मी त्यांचा मेहुणा, ताईचा धाकटा भाऊ. माझी जागा खाली, चुलवाणाच्या तोंडाशी. वाळकी चिपाडं आत कोंबायची आणि जाळ एकसारखा ठेवायचा. भुवया माझ्या हंगामात जळतात आणि हंगाम संपला की उगवतात. ताई काय करते असं विचारण्यापेक्षा काय करत नाही ते विचारावं. रस गाळते, वर आलेली मळी झाऱ्यानं काढते, ढेपा फडक्यात बांधते, आल्यागेल्याचं जेवण बघते, आणि वर आम्हा दोघांची भांडणं सोडवते.

त्या हंगामात आरोग्य तपासणीची गाडी आमच्याकडे आली. गावात दारोदार फिरण्यापेक्षा सगळी माणसं गुऱ्हाळावर एकत्र सापडतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलेलं. गाडीतून डॉक्टरकी शिकणारे दोघं उतरले. दिवसभरात चार गावं करायची होती म्हणून फार घाईत होते. दाजींनी नुकतंच एक आधण, म्हणजे काहिलीभर पाक, उतरवलं होतं. कमरेच्या फडक्याला हात पुसून त्यांनी रुबाबात बोट पुढं केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. शिकाऊ डॉक्टरनं ओल्या कापसानं बोट पुसल्यासारखं केलं. कातडं इतकं राठ, की दोनदा टोचावं लागलं. रक्ताचा थेंब पट्टीला लावला, आणि छोट्या यंत्रावर आकडा आला. चारशे बारा.

"काका, साखर फार आहे," तो म्हणाला. "शहरात जाऊन नीट तपासून घ्या. लवकर जा."

एवढं बोलून ते पुढच्या माणसाकडे वळले. आमच्याकडे ऊस आणणारा एक शेतकरी आहे, त्याचं तोंड थांबत नाही म्हणून त्याला सगळे फटफटी म्हणतात. तो लगेच ओरडला, "गुळव्याला साखर! मग आमचा ऊस कशाला गाळता? दाजींनाच काहिलीत बसवा!"

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. दाजी मात्र हसले नाहीत. ते ओट्यावर बसले आणि आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिले.

त्याला कारण होतं. दाजींच्या वडिलांना साखर होती. एकदा त्यांच्या पायात चिपाडाची काडी घुसली, आणि घुसलेली त्यांना कळलीच नाही, कारण पायाची जाणीव आधीच गेली होती. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. ताई तेव्हा घरात नवी होती. ती रोज जखम धुवायची आणि सासरे भिंतीकडे तोंड करून पडायचे. सुनेकडून हे करून घ्यायची त्यांना लाज वाटायची. दाजी त्या वेळी खोलीत थांबत नसत. मला वाटतं, तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं की एक दिवस आपल्याही पायाची पाळी येणार.

आकडा कळल्यावर दाजींनी जेवण जवळपास सोडलं. कुणी सांगितलेला कडू पाला वाटून प्यायले, मग दुसऱ्या कुणी सांगितलेला त्याहून कडू पाला. सकाळ-संध्याकाळ तळपाय उन्हात धरून बघायचे. बघायला मान वळेना, म्हणून मला बोलवायचे.

"काही काळंबेरं दिसतंय का रे?"

"दिसतंय. मळ आहे."

"मस्करी नको. नीट बघ."

मी नीट बघायचो. उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा होत्या, बाकी पाय ठणठणीत. पण त्यांचं समाधान होईना. "तहान बघ किती लागते मला," ते म्हणायचे. चुलवाणाच्या धगीत तहान कुणाला लागत नाही? आमच्या गुऱ्हाळावर तहान हा कुणाचाच आजार नसतो. मी पाण्याच्या कळश्या रिकाम्या करतो, आणि ताई तर माझ्याही वरचढ. तिनं आपल्यापुरती वेगळी कळशी शेजारी ठेवली होती. रात्री चार वेळा उठायची. कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले होते. कुणी बोललं तर म्हणायची, "हंगामात कोण जाडं होतंय?" आणि ते सगळ्यांना पटायचं.

खरा घोळ पुढंच होता. दाजींच्या डोक्यात बसलं की ही साखर बोटांतून आत शिरली. जन्मभर पाकात बोटं घातली, मग दुसरं काय होणार? त्यांनी पाकाला हात लावायचं बंद केलं. लाकडाच्या पळीवर पाक घ्यायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि नुसता बघून ठरवायचं असं सुरू केलं. व्हायचं तेच झालं. एक आधण करपलं. दुसरं लवकर उतरवलं आणि गार करायच्या वाफ्यात ओतल्यावर ते बसेचना, चिखलासारखं पसरून राहिलं. ते आधण नेमकं फटफटीच्या उसाचं. त्यानं बोटानं तो चिखल उचलला, दाजींच्या नाकासमोर धरला आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेला. तो शिव्या देता तर दाजींना बरं वाटलं असतं.

त्या दिवशी ताई चिडली. ती सहसा चिडत नाही. चिडली की आवाज खाली येतो.

"उद्या शहरात जायचं. नीट तपासायचं. आहे तर आहे, नाही तर नाही."

"मला माहितीये आहे ते. कशाला पुन्हा टोचून घेऊ?"

"टोचून घ्यायची भीती वाटते असं सरळ सांगा ना."

उकळत्या पाकात बोटं घालणारा माणूस सुईला घाबरतो हे घरातल्यांना माहीत होतं, पण असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. दाजी लाल झाले. "येतो," म्हणाले.

ताईनं लॅबमध्ये फोन करून विचारून घेतलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, चहाही नाही, फक्त पाणी. सकाळी मी मात्र माझा चहा घेतला. ताईनं चुलीवरचा चहा मला दिला आणि स्वतः घेतला नाही.

"तू घे की," मी म्हणालो. "तुझी थोडीच तपासणी आहे."

"ते उपाशी असताना मी त्यांच्यासमोर बसून चहा ढोसू?"

निघायच्या आधी पहाटेचं आधण काढायचंच होतं, नाही तर रस नासला असता. पाक तयार होत आला तेव्हा दाजींनी पळी उचलली, फटफटीचा चेहरा आठवला असावा, पळी टाकली आणि बोटं घातली. "उतरवा!" म्हणाले. सुरेख आधण उतरलं. फडक्याला हात पुसून ते तसेच गाडीत बसले. चेहरा असा, की परत येणारच नाहीत.

लॅब म्हणजे औषधांच्या दुकानामागची एक खोली. पांढऱ्या फरशा, एक खिडकी, भिंतीला टेकवलेलं बाकडं, आणि टेबलामागे एक वयस्कर बाई. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बोलणं असं, की आधी रागावल्यासारखं वाटतं, मग कळतं की तिचा आवाजच तसा आहे.

दाजींनी यंत्राकडे बोट दाखवलं. "तेच लावा. एकदा चारशे बारा आलेत. वडिलांनाही साखर होती."

"उपाशी आहात?"

"आठ दिवस झाले."

बाईनं त्यांचा हात हातात घेतला आणि थबकली. तिचा हातमोजा दाजींच्या बोटाला चिकटला होता. सोडवताना टचकन आवाज आला.

"हे काय लावलंय?"

"लावलं काही नाही. गुळव्या आहे मी."

बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला, बोटं उलटीपालटी करून बघितली, आणि मग ती जी हसायला लागली, ती टेबलाला धरून हसली. दाजी घाबरून ताईकडे बघायला लागले.

"त्या दिवशी टोचायच्या आधी साबणानं हात धुतले होते?"

"ओला कापूस लावला त्यांनी."

"कापसानं एवढी साखर निघते होय! थांबा, तुम्हाला गंमत दाखवते."

तिनं तसंच, न धुतलेलं बोट टोचलं. दोनशे शहाऐंशी. मग दाजींना कोपऱ्यातल्या नळावर नेलं, साबण दिला, आणि लहान मुलाला सांगावं तसं नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत घासायला लावलं. हात कोरडे केले. दुसरं बोट टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला आणि दुसरा पट्टीला लावला. ब्याण्णव.

"पहिली साखर बोटावरची," बाई म्हणाली. "ही दुसरी तुमची."

दाजी त्या ब्याण्णवकडे बघतच राहिले. मग उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "चला."

"चला कुठं? बसा."

"झालं की आता!"

"हे बोटाचं यंत्र फक्त अंदाज देतं. घरच्या घरी नजर ठेवायला चांगलं. साखर आहे की नाही याचा निकाल शिरेतल्या रक्तावर लागतो. एक उपाशीपोटी, एक खाल्ल्यावर दोन तासांनी, आणि एक तीन महिन्यांची."

"तीन महिने इथं बसू?"

"एकाच रक्तात कळते ती. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते आणि पेशी तीन-चार महिने जगते. त्यामुळं मागचे तीन महिने सरासरी कशी होती ते दिसतं. एखाद्या दिवशी उपास करून मला फसवता येईल, तिला नाही फसवता येत."

दाजी विचारात पडले. "म्हणजे उपाशीपोटीची ती आजचा धूर, आणि ही धुराड्यातली काजळी."

"तसंच समजा. वडिलांना होती म्हणता, मग तुम्ही वर्षाला एकदा करायलाच हवी. हात द्या."

बाईनं सुई काढली. बोटाला टोचायची टाचणी वेगळी आणि ही सुई वेगळी. दाजींनी ती बघितली, आणि त्यांचा हात आपोआप पाठीमागं गेला. बाई थांबली, मग रागावली, मग गोड बोलून बघितलं. मी म्हणालो, "दाजी, दोन मिनिटांचं काम." ते म्हणाले, "मग तू दे." मी चहा पिऊन आलो होतो, म्हणून सुटलो. बाकड्यावर नंबर लावून बसलेली माणसं माना उंच करून बघायला लागली. एका लहान मुलीनं आपल्या आईला मोठ्यानं विचारलं, "ते आजोबा रडणार आहेत का?"

ताई उठली. बाही वर सरकवली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून हात टेबलावर ठेवला.

"आधी माझं घ्या," ती बाईंना म्हणाली. "मीही उपाशीच आहे. त्यांनी एकदा बघितलं की काही होत नाही, मग देतील."

"दोघांचंही सगळं करू?"

"करा. नाहीतरी आलोच आहोत."

बाईनं दंडाला पट्टा बांधला. ताईच्या हाताची शीर लगेच वर आली, कारण हातावर मांसच राहिलं नव्हतं. सुई गेली, नळी भरली, ताई दाजींकडे बघून हसत होती. "बघा. मुंगी चावल्यासारखं." दाजींनी मग डोळे मिटून हात दिला, आणि नळी भरून झाल्यावरही मिटलेलेच ठेवले.

बाहेर टपरीवर दोघांनी अंडी आणि पाव खाल्ला. पहिला घास खाल्ल्यापासून दोन तास धरायचे, असं बाईनं बजावलं होतं. मध्ये दुसरं काही तोंडात टाकायचं नाही. दाजींची भूक अशी उसळली होती की त्यांनी माझाही पाव उचलला. रस्त्याकडेच्या बाकावर ते पाय पसरून बसले आणि आल्यागेल्याला ब्याण्णवची गोष्ट सांगायला लागले. फटफटीला काय काय ऐकवायचं त्याची तयारी माझ्यावर करून बघितली. ताई भिंतीला टेकून बसली होती. पाणी प्यायली, थोड्या वेळानं पुन्हा प्यायली, आणि तिथंच तिचा डोळा लागला. शहरात चुलवाण नव्हतं. ऊनही नव्हतं. माझ्या ते तेव्हाही लक्षात आलं नाही.

दोन तासांनी पुन्हा रक्त दिलं. दाजी या वेळी स्वतःहून पुढं झाले. दुपार कलल्यावर शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. दोन कागद त्यांच्यासमोर होते.

"काका, तुमचं सगळं छान आहे. उपाशीपोटी चौऱ्याण्णव, तीन महिन्यांची पाच पॉइंट चार. काळजी नको."

दाजींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढं गेलो.

"मावशी," डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "तहान फार लागते का?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मीच दिलं. "लागते. पण आमचं कामच धगीतलं."

"रात्री उठावं लागतं? वजन उतरलंय?"

ताईनं लोंबणारी बाही सावरत मान हलवली.

"तुमची उपाशीपोटी एकशे एकाहत्तर आहे. शंभरच्या आत हवी. एकशे सव्वीस किंवा त्याच्या वर गेली की आम्ही मधुमेह म्हणतो. जेवणानंतरची दोनशे अडुसष्ट. तीन महिन्यांची आठ पॉइंट एक, आणि साडेसहापासून पुढं मधुमेह धरतात. तिन्ही एकच सांगतायत."

दाजी खुर्चीतून उठले. "कागद उलटे झालेत," ते म्हणाले. "माझा तिला लागलाय. वडिलांना माझ्या होती, तिच्या नाही."

डॉक्टरीणबाईंनी लॅबवाल्या बाईला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "नळीवर नाव तुमच्यासमोर लिहिलं, काका. आणि त्यांचं रक्त मी पुन्हा लावून बघितलं. मलाही तो आकडा नको होता."

"मग माझं अजून एकदा घ्या," दाजींनी बाही वर केली. "कितीही घ्या. कुठंतरी असेल ती. तिची नाही ती."

त्यांचा हात तसाच पुढं राहिला. सुईला घाबरणारा माणूस रक्त घ्या म्हणून अडून बसला होता, आणि कुणालाच ते नको होतं. ताईनंच त्यांची बाही खाली ओढली. "बसा," ती म्हणाली. "ऐकू दे मला काय म्हणतात ते."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, जेवण कसं मोजून घ्यायचं ते सांगितलं, हंगाम नसेल तेव्हा रोज चालायचं म्हणाल्या. डोळ्यांची तपासणी सांगितली. गुळाची चव बघायची झाली तर ती आता दाजींनी बघायची. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. ताई मान हलवत होती, सैपाकाचं सामान ऐकावं तसं. मग त्या म्हणाल्या, "पाय बघू. इथं पडा."

ताई तपासणीच्या उंच पलंगावर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचा डावा तळपाय उजेडाकडे वळवला आणि थांबल्या. टाचेजवळ भाजल्याचा डाग होता, फोड फुटून वाळायला आलेला.

"हे कधी झालं?"

ताईनं मान उचलून बघितलं. "अगोबाई. असेल निखारा पडला."

"दुखलं नाही?"

"आठवत नाही."

दाजींनी भिंत धरली. वडिलांनाही काडी लागलेली आठवत नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या घाईतल्या शिकाऊ डॉक्टरनं बोट धुतलं असतं तर आम्ही आज इथं नसतो. दाजी शूर असते तर ताईचा हात टेबलावर आला नसता. तिनं सकाळी चहा घेतला असता तर तिचं रक्त उपाशीपोटीचं झालं नसतं. माणसाच्या चांगल्या गुणांचे उपकार सगळेच मानतात. मी त्या खोलीत एकाच्या घाईचे, दुसऱ्याच्या भित्रेपणाचे आणि माझ्या ताईच्या न प्यायलेल्या चहाचे उपकार मानत उभा होतो. फक्त उशीर झालेला नसू दे, एवढंच मागत होतो.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून एक काडी घेतली. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा होता. "डोळे मिटा. मी हा धागा पायाला टेकवीन. जाणवलं की 'हो' म्हणायचं. नाही जाणवलं तर गप्प राहायचं. उगाच मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."

ताईनं डोळे मिटले. धागा अंगठ्याला टेकला, किंचित वाकला.

"हो."

दुसऱ्या बोटाला.

"हो."

पंजाच्या मधोमध, कडेला. "हो. हो." पंख्याचा आवाज येत होता. धागा टाचेकडे गेला, भाजल्याच्या शेजारी टेकला आणि वाकला. ताई गप्प. डॉक्टरीणबाईंनी धागा उचलला, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा टेकवला.

"हो," ताई म्हणाली. "तिथं कातडं जाड आहे हो. अनवाणी फिरते मी."

दुसरा पाय झाला. सगळीकडे हो. डॉक्टरीणबाईंनी काडी खाली ठेवली. "जाणीव शाबूत आहे," त्या दाजींकडे वळून म्हणाल्या. "पायांना काही झालेलं नाही. वेळेत आणलंत तुम्ही यांना. आता अनवाणी फिरणं बंद, आणि रोज रात्री कुणीतरी हे तळवे बघायचे."

"मी बघीन," दाजी म्हणाले. "तिनंच आणलं मला. मी कुठं आणलं तिला?"

ताईला कुणी डोळे उघडायला सांगितलं नव्हतं, म्हणून ती तशीच पडून होती. दाजी पलंगाच्या पायथ्याशी गेले. वडिलांची जखम धुताना खोलीत न थांबणारा तो माणूस खाली वाकला आणि तिच्या डाव्या पायाच्या करंगळीला अगदी हलकेच हात लावला.

"हो," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "हे तुम्ही."